लष्करी हेलिकॉप्टरं: खरेदी, वापर आणि देखभाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी उमेदीची वर्षं हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली. मी वैमानिक नव्हतो. ज्यांनी वहीत सही केल्याशिवाय वैमानिक इंजिन सुरू करत नाही, त्या जमिनीवरच्या माणसांतला मी एक. निवृत्त होऊन गावी आल्यापासून लग्नकार्यात, शाळेच्या कार्यक्रमात आणि फोनवर तेच तेच प्रश्न येत राहतात, विशेषतः एखादा अपघात झाला किंवा मोठी खरेदी जाहीर झाली की. ते लोकांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतीय सैन्यदलांपुरती आहेत.

१. आपल्याकडे नेमकी कोणती हेलिकॉप्टरं आहेत? बातम्यांतली नावं ऐकून गोंधळ होतो.

नावांऐवजी कामं लक्षात ठेवली की गोंधळ उरत नाही. टेहळणी करायची, जखमी जवानाला खाली आणायचं, चौकीवर रॉकेल आणि रेशन पोचवायचं, ही हलकी कामं चेतक आणि चीता करतात. त्यांच्यापेक्षा मोठं ध्रुव. ते बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने घडवलं आणि त्याच्या सशस्त्र रूपाला रुद्र म्हणतात. माणसं आणि माल वाहणारा खरा कणा म्हणजे रशियन एमआय-१७. त्याचं व्ही-५ रूप सपाटीवर चार टनांपर्यंत ओझं नेतं. तोफ खाली लटकवून डोंगरावर न्यायची असेल तर चिनूक. हल्ल्यासाठी अमेरिकी अपाची, एचएएलचंच प्रचंड आणि जुनं रशियन एमआय-३५. नौदलाकडे पाणबुडी शोधणारं एमएच-६०आर, जुनं सी किंग आणि पोटाखाली रडार उघडणारं कामोव्ह-३१.

२. हवाई दल असताना भूदलाला स्वतःची हेलिकॉप्टरं कशाला?

तोफांचे गोळे कुठे पडतात ते वरून पाहणं आणि पुढच्या चौकीवरचा जखमी तासाभरात उचलणं, ही कामं ज्या तुकडीची आहेत तिच्याच हाताखाली यंत्र असावं म्हणून. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली. अपाचीवरून मात्र ओढाताण झाली. २२ अपाची हवाई दलाला मिळाली आणि भूदलासाठी २०२० मध्ये वेगळी सहा मागवली गेली. जुलै २०२५ मध्ये त्यांतली पहिली तीन भारतात पोचली. भूदलाची मागणी मला रास्त वाटते. पण देखभालीच्या बाजूने पाहिलं तर एकाच जातीची यंत्रं दोन घरांत वाटली की सुट्या भागांची कोठारं, चाचणीची उपकरणं आणि शिकवलेली माणसं दोनदा उभी करावी लागतात. घोषणेच्या दिवशी या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही.

३. चेतक आणि चीता साठच्या दशकातली म्हणतात. ती अजून का उडवतात?

आराखडा जुना आहे. प्रत्येक यंत्र तेवढं जुनं नाही, कारण एचएएल ती परवान्यावर अनेक दशकं बांधत होती. चीताचं मूळ फ्रेंच नाव लामा, आणि ते हिमालयासाठी भारताने केलेल्या मागणीतूनच जन्माला आलं. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक ज्याँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेलं आणि जागतिक विक्रम केला. सियाचीनच्या चौक्या इतकी वर्षं जगवल्या त्या याच छोट्या यंत्राने.

ती बदलायची नव्हती असं नाही. १९७ हलक्या हेलिकॉप्टरांची निविदा २००७ मध्ये रद्द झाली, पुन्हा काढली आणि २०१४ मध्ये पुन्हा रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाशी कामोव्ह-२२६टी इथे बांधण्याचा करार झाला, पण खरेदीपर्यंत गाडी गेलीच नाही. एचएएलचं स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी पहिल्यांदा उडालं. या सगळ्या काळात जुनी यंत्रं चालवणारे वैमानिक आणि ती चालती ठेवणारे तंत्रज्ञ यांनी आपल्या जिवावर देशाला वेळ मिळवून दिला. त्या दिरंगाईचा मला आजही राग येतो.

४. डोंगरावर उडणं एवढं अवघड का? वर तर मोकळंच असतं.

हेलिकॉप्टर हवेला खाली ढकलून वर राहतं. हवाच विरळ असेल तर ढकलणार काय? सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी असते. पात्यांना पकड कमी मिळते आणि नेमकं तेव्हाच इंजिनालाही श्वास कमी पडतो, अशी दुहेरी मार बसते. दिवस तापला की हवा आणखी पातळ होते, म्हणून हिमनदीवरची उड्डाणं पहाटेच उरकतात. चीता सर्वांत उंच चौकीवर जातं तेव्हा ओझं किलोकिलोने मोजतात. परतीच्या इंधनाचाही हिशेब घालून एक जेरीकॅन न्यायचा की दोन, ते ठरतं.

कारगिलमध्ये याची किंमत मोजावी लागली. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंग भागात रॉकेट डागायला गेलेलं एमआय-१७ खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि आतले चौघेही गेले. त्या उंचीवर लढू शकेल असं खास हल्ल्याचं हेलिकॉप्टर तेव्हा आपल्याकडे नव्हतं. मालवाहू यंत्राला लढाऊ काम द्यावं लागलं.

५. खरेदी कशी होते? सेनाप्रमुखांनी मागितलं की मिळतं का?

नाही. आधी दल आपली गरज कागदावर मांडतं: किती उंची, किती वजन, किती अंतर. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण खरेदी परिषद ती गरज मान्य करते. मग कंपन्यांकडून प्रस्ताव मागवतात, कागद तपासतात आणि यंत्र वाळवंटात, समुद्राकाठी, लडाखात प्रत्यक्ष उडवून बघतात. त्यासाठी कंपनी यंत्र स्वखर्चाने आणते आणि चाचणी पास झाली तरी खरेदीची हमी नसते. त्यानंतर भावाची बोलणी. रक्कम मोठी असेल तर शेवटचा शब्द पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचा. २०२० च्या खरेदी नियमावलीत भारतात रचलेल्या आणि भारतात बनलेल्या वस्तूला पहिला मान आहे.

६. मग एवढी वर्षं कुठे जातात?

प्रचंडचंच उदाहरण घ्या. गरज कळली १९९९ मध्ये (प्रश्न ४). यंत्र पहिल्यांदा उडालं २९ मार्च २०१० रोजी. हवाई दलात औपचारिकपणे आलं ३ ऑक्टोबर २०२२ रोजी, जोधपूरला. मोठी मागणी नोंदवली गेली २८ मार्च २०२५ रोजी. म्हणजे कारगिलच्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर सव्वीस वर्षांचं झालं.

यातला काही काळ खरोखरच लागतो. नवं रोटर, नवा गिअरबॉक्स हजारो तास झिजवून बघितल्याशिवाय त्यात माणूस बसवू नये. पण उरलेला काळ फायली फिरण्यात, अटी बदलण्यात आणि पुढच्या टप्प्याचे पैसे आधी मंजूर न होण्यात जातो. मागणी वेळेवर आली नाही तर कारखाना सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या उद्योगांना काम देऊ शकत नाही, आणि एकदा विखुरलेले कारागीर परत जमवणं कठीण असतं.

७. १५६ प्रचंडसाठी ६२,७०० कोटी, म्हणजे एक चारशे कोटींचं. हे महाग नाही का?

हा भागाकार मला दर आठवड्याला कोणीतरी पाठवतं. त्या रकमेत नुसती हेलिकॉप्टरं नाहीत. प्रशिक्षण आहे आणि सोबतची उपकरणंही आहेत. कर मात्र त्यात धरलेले नाहीत. ६६ यंत्रं हवाई दलाची, ९० भूदलाची, आणि ती मिळणार अनेक वर्षांत. आधीची १५ यंत्रं ३,८८७ कोटींची होती, तोही भागाकार करून लोक तुलना करतात. पण दोन करारांत काय काय धरलंय ते समोर ठेवल्याशिवाय ती तुलना फसवी आहे.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे यंत्र पुढची तीस-चाळीस वर्षं उडतं ठेवायला किती लागेल? नौदलाच्या २४ एमएच-६०आरचा करार २०२० मध्ये झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या पुढच्या पाच वर्षांच्या देखभाल-पाठबळासाठी सुमारे ७,९९५ कोटींचा वेगळा करार करावा लागला. यात सुटे भाग, दुरुस्ती, प्रशिक्षण आणि इथेच दुरुस्तीच्या सोयी उभारणं आलं. या आकड्याने मला धक्का बसला नाही. खरेदीच्या बातमीशेजारी असा आकडा पहिल्याच दिवशी छापून येत नाही, याचं वाईट वाटतं.

८. अमेरिकेकडून निविदा न काढता घेतात म्हणे. हे नियमात बसतं का?

बसतं. सरकार ते सरकार अशी खरेदी हा मान्य मार्ग आहे आणि एमएच-६०आर तशीच आली. त्यात अमेरिकी सरकार कंपनीकडून यंत्र घेतं आणि आपल्याला देतं. वेळ वाचतो, दलालांना वाव राहत नाही. पण घासाघीसही फारशी करता येत नाही, आणि २०२० च्या नियमांनुसार अशा खरेदीत विक्रेत्याने भारतात गुंतवणूक करण्याची अटही नसते. २०१५ चा अपाचीचा सौदा मिश्र होता: हेलिकॉप्टर थेट कंपनीकडून, तर शस्त्रं, इंजिनं आणि रडार सरकारमार्फत.

९. अतिविशिष्ट व्यक्तींच्या हेलिकॉप्टरांचा तो घोटाळा काय होता?

२०१० मध्ये ऑगस्टा वेस्टलँडशी १२ एडब्ल्यू-१०१ साठी सुमारे ३,५४६ कोटींचा करार झाला. लाच दिल्याचे आरोप इटलीत पुढे आले आणि १ जानेवारी २०१४ रोजी भारताने करार रद्द केला. न्यायालयीन बाजूत मी शिरत नाही. तांत्रिक बाजूने बघण्यासारखी गोष्ट एकच: उंचीची अट मुळात ६,००० मीटर होती, ती ४,५०० वर आणली गेली. प्रश्न ४ वाचला असेल तर या दीड हजार मीटरमध्ये कोणतं यंत्र शर्यतीत राहतं आणि कोणतं बाद होतं, ते लक्षात येईल.

१०. उद्या विकणाऱ्या देशाने सुटे भाग अडवले तर?

हे घडून गेलंय. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि नौदलाची सी किंग अडकली. सी किंग घेतली होती ब्रिटनकडून. पण आतले कित्येक भाग आणि परवाने अमेरिकी होते, म्हणून ब्रिटिश कंपनीचेही हात बांधले गेले. युक्रेन युद्धानंतर रशियन यंत्रांच्या भागांचा पुरवठा आणि पैसे चुकते करणं अवघड झालं, तीही याच जातीची अडचण. एमआय-१७ च्या बाबतीत आपला मोठा आधार म्हणजे चंदीगडचा ३ बेस रिपेअर डेपो. तिथे या जातीची हेलिकॉप्टरं पूर्ण उघडून पुन्हा उभी करतात.

आणि ‘स्वदेशी’ म्हणजे सगळंच इथलं, असंही नव्हे. ध्रुव आणि प्रचंडचं शक्ती इंजिन फ्रेंच कंपनीसोबत विकसित झालंय.

११. देखभाल म्हणजे रोज नक्की काय करता?

उड्डाणाआधी तपासणी, दोन उड्डाणांमध्ये तपासणी, दिवस संपल्यावर तपासणी. त्याशिवाय ठरावीक तासांनंतर किंवा ठरावीक महिन्यांनंतर, जे आधी येईल त्यावर, मोठी तपासणी. यंत्र उडालं नाही तरी रबर आणि सील म्हातारे होतातच. काही भागांना आयुष्य लिहून दिलेलं असतं. तेवढे तास भरले की तो भाग नव्यासारखा चकाकत असला तरी काढायचा म्हणजे काढायचा.

हेलिकॉप्टरचा सगळ्यांत मोठा शत्रू कंप. पाती फिरतात तेव्हा सगळा सांगाडा अखंड थरथरत असतो आणि त्यातून धातूला केसासारखी चीर जाते. गिअरबॉक्सच्या तेलात एक छोटं चुंबक बसवलेलं असतं. आतला दात किंवा बेअरिंग झिजायला लागलं की धातूचा कीस त्याला चिकटतो आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. असा दिवा लागून उतरलेल्या यंत्राचं चुंबक काढून तो कीस बोटावर घेऊन बघायचा क्षण मी कधी विसरणार नाही. नुसती पिठासारखी पूड असेल तर साफ करून पुढे जाता येतं. चकाकणारी कपची निघाली की यंत्र थांबलं.

हत्यारांचाही हिशेब असतो. प्रत्येक पान्याची आकृती फळीवर कापलेली असते. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तर पाना सापडेपर्यंत त्या हँगरमधलं एकही यंत्र उडत नाही, मग रात्र होवो की पहाट.

१२. तुकडीत दहा हेलिकॉप्टरं असतील तर दहाही तयार का नसतात?

काही मोठ्या तपासणीत असतात, एखादं डेपोत गेलेलं असतं आणि एखादं एकाच भागाची वाट बघत उभं असतं. अशा उभ्या यंत्राचा चांगला भाग काढून दुसऱ्याला बसवायचा मोह होतो आणि कधीकधी तो करावाही लागतो. पण त्यात काम दुप्पट होतं, आणि काढ-घाल करताना नवा दोष शिरण्याची भीती असते. म्हणून आता करारातच ‘अमुक इतकी यंत्रं कायम तयार ठेवा, तरच पूर्ण पैसे’ अशी अट घालू लागलेत. मला ही पद्धत पटते, कारण भाग वेळेवर पोचवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर राहते.

१३. समुद्रावरच्या हेलिकॉप्टरांची काळजी वेगळी असते का?

फार वेगळी. खारी हवा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना पोखरते. समुद्रावरून परतलेलं यंत्र गोड्या पाण्याने धुवायचं, इंजिनाच्या आतलं मीठही धुऊन काढायचं आणि सांध्यांना गंजरोधक लावायचं. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावर किंवा गोव्याच्या आयएनएस हंसावर हे नित्याचं काम आहे. जहाजावर जागा इतकी कमी की पाती आणि शेपूट घडी करून यंत्र हँगरमध्ये ढकलतात. त्या बिजागऱ्या म्हणजे तपासायच्या आणखी जागा.

१४. २०२५ मध्ये सगळी ध्रुव एकदम का थांबवली? एकच तर पडलं होतं.

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि तिघे गेले. वैमानिकाच्या दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारी स्वॉशप्लेट तुटल्याचं तपासात पुढे आलं. ती तुटली तर वैमानिक कितीही निष्णात असो, हातात काही उरत नाही. तोच भाग ताफ्यातल्या सुमारे ३३० यंत्रांत आहे. कारण सापडेपर्यंत सगळी थांबवण्याशिवाय इलाज नव्हता. पहलगाम हल्ल्यानंतर, मे २०२५ च्या सुरुवातीला, भूदल आणि हवाई दलाच्या ध्रुवांना परवानगी मिळाली. समुद्रावर वापरायच्या यंत्रांना अधिक थांबावं लागलं.

ताफा थांबवणं ही नामुष्की नाही. चिनूकच्या इंजिनांना आगी लागल्यावर अमेरिकी सैन्यानेही ऑगस्ट २०२२ मध्ये आपला ताफा असाच थांबवला होता.

१५. अपघात झाला म्हणजे यंत्रात दोष होताच ना?

नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांना घेऊन जाणारं एमआय-१७ व्ही-५ कोसळलं. चौकशीत यांत्रिक बिघाड आणि घातपात दोन्ही नाकारले गेले. हवामान अचानक बदललं, यंत्र ढगात शिरलं आणि वैमानिकाची दिशा हरपली, असा निष्कर्ष निघाला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामला तर आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ पडलं. चौकशी पूर्ण होण्याआधी ‘उडत्या शवपेट्या’ लिहिणाऱ्यांनी त्या तळावर अजून ड्यूटी करणाऱ्या माणसांच्या घरच्यांचाही विचार करावा.

१६. हवेत इंजिन बंद पडलं तर दगडासारखं खाली येतं का?

नाही. खालून वर जाणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात, वैमानिक तो वेग सांभाळत उतरतो आणि शेवटच्या क्षणी पात्यांचा कोन वाढवून आदळणं टाळतो. प्रत्येक वैमानिकाकडून हे घोटून घेतात. अपवाद असा, की उंचीही कमी आणि पुढचा वेगही नाही, अशा जागी हे करायला वेळच मिळत नाही. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी मुंबईत नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरवताना एमआय-१७ नेमकं अशाच जागी तरंगत होतं. दोन इंजिनं हाच काय तो आधार, आणि शेपटीचा पंखा तुटला तर तोही नाही.

१७. पुरात हेलिकॉप्टर कोण बोलावतं? आपण फोन करू शकतो का?

थेट नाही. जिल्हाधिकारी मागणी करतात, ती राज्य सरकारमार्फत सैन्यदलांकडे जाते. याचं बिलही राज्याकडे येऊ शकतं. २०२४ मध्ये केंद्राने केरळकडे अनेक वर्षांच्या अशा मदतीचे सुमारे १३२ कोटी मागितले होते.

गच्चीवर अडकला असाल तर हे वाचून ठेवा. हेलिकॉप्टर यायच्या आधी सुटे पत्रे आणि ताडपत्र्या दाबून ठेवा, पात्यांनी खाली ढकललेल्या वाऱ्याने त्या उडून थेट पात्यांत जातात. दोर खाली आला की लगेच पकडू नका. आधी तो गच्चीला किंवा पाण्याला टेकू द्या, त्यात साठलेल्या विजेचा जोरदार झटका बसतो. जमिनीवर उतरलेल्या यंत्राच्या शेपटीकडे कधीच जाऊ नका. उतारावर चढाच्या बाजूने जवळ येऊ नका, तिथे पाती डोक्याच्या उंचीवर असतात.

१८. मुलीला हेलिकॉप्टर वैमानिक व्हायचंय. महाराष्ट्रात काही सोय आहे का?

भूदलाचे वैमानिक नाशिकच्या गांधीनगरलाच तयार होतात, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. हवाई दलाची हेलिकॉप्टर शाळा हैदराबादजवळ हकीमपेटला, नौदलाची तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजालीवर. वाट एनडीए, सीडीएस किंवा हवाई दलाच्या ॲफकॅट परीक्षेतून जाते. आणि तिला यंत्र उडवण्यापेक्षा उघडून बघण्यात रस असेल तर तिला अडवू नका, तांत्रिक शाखेतही अधिकारी लागतात.

१९. ध्रुव परदेशातही दिली होती ना? त्यांचं पुढे काय झालं?

इक्वेडोरने सात घेतली. त्यातली चार पडली आणि २०१५ मध्ये त्यांनी करार रद्द केला. सगळा दोष यंत्राचा नव्हता, असं एचएएलचं म्हणणं होतं. जगाच्या त्या टोकाला भाग आणि माणसं वेळेवर पोचवणं हेच मोठं आव्हान होतं, असं मला वाटतं. नेपाळ आणि मॉरिशसलाही ध्रुव गेली. मालदीवला दोन हेलिकॉप्टरं दिली, पण ती चालवायला आणि सांभाळायला आपले सैनिक तिथे ठेवावे लागले. तिथल्या नव्या सरकारला ते नको झाले, म्हणून मे २०२४ पर्यंत ते परत आले. हेलिकॉप्टरं मात्र तिथेच राहणार होती, म्हणून सैनिकांच्या जागी नागरी तंत्रज्ञ पाठवले गेले.